मदत हवी आहे : बेंजामिन ब्रिटनचं 'वॉर रिक्वीम' ऐकायचं कसं?

मंडळी, इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनचं 'वॉर रिक्वीम' (१९६२), म्हणजे मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनांवर बेतलेली कोरस आणि वाद्यवृंदाची मोठी रचना, दोनदा ऐकायला घेतलं, दोन्ही वेळा अर्ध्यावर सोडलं. सुरुवातीलाच घंटा वाजतात, कोरस पुटपुटल्यासारखा गातो आणि सा आणि तीव्र म यांच्यातलं ते अंतर कानाला टोचत राहतं. मुद्दामच असणार म्हणा! लॅटिन प्रार्थनांच्या मध्येच विल्फ्रेड ओवेनच्या इंग्रजी कविता येतात. हा कवी १९१८ साली पहिलं महायुद्ध संपायला आठवडा उरला असताना मारला गेला. या कविता सुरू झाल्या की नेमका तिथेच माझा धागा तुटतो. शब्द समोर ठेवून ऐकावं की आधी नुसतंच? शिवाय मुलांचा कोरस इतका लांबून येतो की आवाज वाढवावा लागतो, मग पितळी वाद्यं अंगावरच येतात. हेडफोन बरे की स्पीकर?