वासोटा : कुरकुरणाऱ्या गुडघ्याला जमेल का?

पितळीडबा (२ डिसेंबर)

नमस्कार मंडळी. वय ५४, मुक्काम सांगली. उजवा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरतोय. डॉक्टर म्हणतात झीज आहे, पण चालणं सोडू नका. म्हणून रोज सकाळी तासभर सपाटीवर चालते. मागच्या वर्षी सज्जनगड केला. चढताना काही वाटलं नाही, उतरताना मात्र खेकड्यासारखी आडवी आडवी उतरले.

आता भाचीने जानेवारीत वासोटा किल्ल्याचं काढलंय. ती, तिच्या ऑफिसातली चार पोरं आणि मी. "मावशी, सगळी जंगलातली वाट आहे, सावली आहे, वाटभर तळं दिसतं, तुला आवडेल." भाची सव्वीस वर्षांची, तिला सगळंच सोपं.

मला खरं सांगा. चढ किती? उतार कसा? नाहीच जमलं तर मध्येच कुठे बसून राहता येतं का? आणि बोटीचं काय, मला पोहता येत नाही.

घाटमाथा

बिनधास्त जा! मध्यम ट्रेक आहे. आमच्याबरोबर एक काका होते ६५ वर्षांचे, आमच्याआधी वर.

पितळीडबा

काकांचं कौतुक आहे, पण बिनधास्त हा शब्द माझ्या गुडघ्याला कळत नाही हो.

जावळीचा_नातू

ताई, बिनधास्त नको, बेतानं जा. मी सहा वेळा गेलोय, त्यातल्या एका खेपेला माझाच गुडघा धरला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बोट. साताऱ्याहून कासवरून बामणोली, तिथून बोटीनं तास-सव्वा तास पाणी कापत किल्ल्याच्या पायथ्याला, मेट इंदवलीला. भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं, त्यामुळे सहाजण असाल तर अजून कुणी जोडीला मिळतंय का बघा. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि अंगावर घाला. लोक त्याची उशी करून बसतात. जानेवारीत सकाळी पाण्यावरचा वारा कानात शिरतो. स्वेटर विसरलात तरी चालेल, कानटोपी विसरू नका.

आणि ते तळं नव्हे बरं का. कोयना धरणाचं फुगवट्याचं पाणी आहे, शिवसागर. १९६४ मध्ये धरण झालं आणि खोऱ्यातली गावं उठली, कुणी रायगडात गेलं, कुणी सोलापुरात, कुणी तिथंच डोंगरावर सरकलं. माझ्या आजीचं माहेर त्या पाण्याखाली आहे. ती शेवटपर्यंत त्याला तलाव म्हणाली नाही, "आमचं शिवार" म्हणायची. वैशाखात पाणी ओसरलं की तांबड्या मातीचे पट्टे उघडे पडतात. काठावर उभी राहून त्यातल्या एकाकडे बोट करायची, "तितं आमचा रायवळ आंबा." आम्हाला नुसता चिखल दिसायचा.

असो. उतरल्यावर वनखात्याची चौकी. हे कोयना अभयारण्य आहे, व्याघ्र प्रकल्पात येतं. ओळखपत्र लागतं आणि पिशवीतलं प्लास्टिक मोजतात, बाटल्या, बिस्किटांचे पुडे, सगळं. अनामत ठेवावी लागते आणि परतताना पुन्हा मोजणी. आमच्यात एकदा चिक्कीचं एक वेष्टण कमी भरलं, तेव्हा आठ माणसं ओळीनं खिसे उलटे करून उभी होती. सापडलं कुठं, तर ज्यानं सगळ्यांना ओरडून घेतलं त्याच्याच मोज्यात.

आता वाट. सुरुवातीला ओढा लागतो, तिथं मारुती आणि गणपती आहेत. पुढं दाट झाडी, सावली, जमिनीवर मुळं आणि गोटे. मग फाटा येतो, एक वाट नागेश्वराला, म्हणजे गुहेतल्या महादेवाला, दुसरी वासोट्याला. इथून चढ अंगावर येतो. शेवटी झाडी संपून कारवी आणि गवत, मग मोडक्या पायऱ्या. पाण्यापासून माथा साधारण ५०० मीटर उंच. तुमच्या चालीनं अडीच-तीन तास धरा. भाचीला सांगा, वाटभर पाणी वगैरे काही दिसत नाही, जंगलात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. पाणी दिसतं ते झाडी संपल्यावर, एकदम, आणि मग माचीवरून त्याचे सगळे फाटे डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेले. पलीकडच्या अंगाला बाबूकडा, तिथून खाली कोकण.

उतार हीच खरी परीक्षा. जानेवारीत वाळक्या पानांचा थर असतो, खाली दगड आहे की खळगा कळत नाही. दोन काठ्या घ्या, गुडघ्याला पट्टा बांधा, पावलं लहान टाका. आणि घाई नको. बोटवाला वर चढताना वेळ देतो त्याला परतायचंच, अंधाराआधी सगळ्यांना बाहेर पडावं लागतं, मुक्कामाला परवानगी नाही. त्या खेपेला आम्ही बाबूकड्यावर फोटो काढत बसलो आणि मग पळत उतरलो. गुडघा तिथं गेला, चढात नव्हे. म्हणून पहिली बोट पकडा आणि एक वाजला की जिथं असाल तिथून मागं फिरायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

मध्ये एकटीनं बसून राहायचं मात्र डोक्यातून काढा. गवे आहेत, अस्वलं आहेत. थांबायचं तर कुणाला तरी घेऊन चौकीपर्यंत उतरायचं.

ताकभात

बायकांचं म्हणून एक सांगते, कारण पुरुष हे लिहीत नाहीत. वर सोय नाही. बामणोलीतच जाऊन या आणि त्या भीतीनं पाणी कमी पिऊ नका, मी ते करून डोकं धरून बसले होते. दोन लिटर तरी न्या.

आणि भाचीला ताई तेलिणीची गोष्ट सांगा. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांना या बाईनं वासोट्यावरून कित्येक महिने झुंजवलं. "तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा!" चढताना दम लागला की मी हेच म्हणत होते.

पितळीडबा (१९ जानेवारी)

जाऊन आले. पहिली बोट मिळाली नाही, पोरं उठली नाहीत. तरी साडेबाराला वर, बिनछपराच्या मारुतीपाशी. बाबूकड्याला गेले नाही, पोरं गेली, मी माचीवर बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. पाणी अगदी जावळीचा_नातू म्हणतात तसंच, एकदम समोर आलं.

उतरायला तीन तास. एकदा पानांवरून घसरून बसले, लागलं नाही. चौकीवर माझ्या आवळासुपारीच्या पुडीचं प्लास्टिक मोजणीत जास्त भरलं, कमी नव्हे! सकाळी दाखवायचंच राहिलं होतं.

बोटवाल्याला तुमच्या आजींच्या आंब्याचं विचारलं. तो म्हणाला, "कुणाकुणाचा सांगू?" आणि इंजिन वाढवलं.

दोन दिवस जिना उतरताना देव आठवला. आता गुडघा पूर्वीइतकाच कुरकुरतोय, त्याहून जास्त नाही. नागेश्वराची वाट कशी आहे?