प्रतिसाद: आटे जुळले म्हणजे फिल्टर चालतो असं नाही

वर कोणीतरी विचारलंय की आटे जुळत असतील तर विमानाच्या इंजिनला गाडीचा ऑइल फिल्टर का चालू नये. आटे जुळणं ही सगळ्यात किरकोळ बाब आहे. खरा मुद्दा बायपास व्हॉल्व्हचा, म्हणजे तेलाला न गाळता पुढे जाऊ देणाऱ्या झडपेचा. थंडीत तेल घट्ट असताना किंवा फिल्टर तुंबल्यावर तो ठरलेल्या दाबाला उघडायलाच हवा. लवकर उघडला तर न गाळलेलं तेल थेट बेअरिंगमध्ये जातं. शिवाय विमानाच्या फिल्टरचं कवच जाड असतं आणि सेफ्टी वायरसाठी (फिल्टर सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) सोय असते. गाडीच्या फिल्टरला ही सोय कुठली? प्रमाणित विमानात तर मंजूर पार्ट नंबरच लागतो, तिथे वादच नको.

विमानाच्या फिल्टरचा ब्रँड चॅम्पियन घ्यावा की टेम्पेस्ट, यावर मात्र मी डोकं खपवणार नाही. दोन्ही चालतात. गॅस्केटला डीसी-४ (सिलिकॉन ग्रीस) लावा आणि टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, फिल्टरवर छापलेला असतो तेवढाच द्या.

लायकॉमिंग इंजिनाला फुल-फ्लो फिल्टर (सगळं तेल गाळणारा) असेल तर तेल आणि फिल्टर ५० तास किंवा चार महिन्यांनी बदला, जे आधी येईल ते. नुसती स्क्रीन, म्हणजे धातूची जाळी, असेल तर २५ तास. आणि काढलेला फिल्टर कापून आतल्या कागदाच्या घड्या उलगडून बघा, चुंबक फिरवा. कण चिकटले तर लोखंड, म्हणजे कॅम किंवा टॅपेट (इंजिनच्या झडपा हलवणारे भाग) तपासायची वेळ.