विषय: आईबाबांना नादा दाखवायचंय पण ते घेत नाहीत

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आईबाबा जपानला, माझ्याकडे कोबेला येतायत. ऑफिसातले सगळे म्हणतात इथल्या नादा भागातल्या साके (तांदळाची जपानी दारू) कारखान्यांची गाईडेड टूर करा, पण बाबा माळकरी, त्यांना दारूच्या ठिकाणी कसं न्यायचं? बरोबर ७ वर्षांचा मुलगा पण आहे. न पिणाऱ्या माणसांना घेऊन कोणी गेलंय का?

---

रि: आईबाबांना नादा दाखवायचंय

दादा, बिनधास्त घेऊन जा. मी स्वतः थेंबभर घेत नाही आणि तीनदा जाऊन आलेय, शेवटच्या वेळी सासूबाईंना घेऊन. तिथे बघायचंय ते पाणी, तांदूळ आणि माणसांचे हात, पिणं शेवटच्या काउंटरवर येतं आणि तिथे कोणी आग्रह करत नाही.

नादा गोगो म्हणजे नादाची पाच गावं, इमाझुपासून निशिगोपर्यंत समुद्राकाठाने साधारण १२ किमीचा पट्टा. मागे रोक्को डोंगर, त्यावरून थंडीत वारा येतो आणि उतारावरच्या ओढ्यांवर पूर्वी पाणचक्क्या चालायच्या, त्यावर तांदूळ सडायचे. बाबांना पाण्याची गोष्ट नक्की सांगा. यामामुरा ताझाएमोन नावाच्या मालकाचे दोन कारखाने, एक उओझाकीला एक निशिनोमियाला, आणि निशिनोमियाची साके दरवेळी सरस. त्याने तांदूळ तोच घेतला, कारागिरांची अदलाबदल केली तरी फरक तसाच, मग निशिनोमियाच्या विहिरीचं पाणीच उओझाकीला वाहून नेलं आणि तिथली साके पण तशीच चांगली झाली! हे १८४० साली. त्या पाण्याला मियामिझु म्हणतात, त्यात लोह फार कमी आणि पोटॅशियम, फॉस्फरस भरपूर, त्यामुळे यीस्ट जोमाने वाढतं. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे त्या माणसाला कुठल्या लॅबशिवाय सुचलं, मला हे दरवेळी ऐकताना भरून येतं.

मुलाला कोजी, म्हणजे बुरशी चढवलेला भात, दाखवा. द्राक्षात साखर असतेच, तांदळात नसते, म्हणून वाफवलेल्या भातावर बुरशी वाढवतात, ती पिठाची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेची दारू करतं, दोन्ही कामं एकदम चालू. सासूबाईंना दायगिंजो या उंची साकेसाठी अर्धा तांदूळ घासून काढतात हे ऐकून वाईट वाटलं, पण त्याचं पीठ सेनबेईत, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांत, जातं म्हटल्यावर बरं वाटलं.

एक मात्र जपा. आमाझाके हे तांदळाचं गोड पेय, ती दोन प्रकारची असते. कोजीची असेल तर दारू नसते, साके-कासु म्हणजे साके गाळून उरलेल्या चोथ्याची असेल तर थोडी असते. नाराझुके लोणचं पण कासुतलंच. बाबांसाठी विचारूनच घ्या.

---

रि: रि: आईबाबांना नादा दाखवायचंय

ताईंनी छान लिहिलंय, थोडी भर घालतो. हाकुत्सुरु या साके कंपनीचं म्युझियम हानशिन रेल्वेच्या सुमियोशी स्टेशनपासून चालत ५ मिनिटं, प्रवेश फुकट, माणसाएवढे पुतळे कामं करताना उभे केलेत त्यामुळे मुलांना लगेच कळतं. पण माझं मन सावानोत्सुरु या दुसऱ्या कंपनीच्या म्युझियमला अडकतं. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात त्यांची जुनी लाकडी कुरा (साके करायची इमारत) पूर्ण कोसळली, ती परत बांधून १९९९ ला म्युझियम पुन्हा उघडलं, आणि त्या वेळी खोदताना जमिनीखाली साके गाळायची जुनी जागा सापडली, ती तशीच दाखवतात. नादातल्या किती कुरा त्या दिवशी पडल्या, आज रस्त्यावरून काँक्रीटच्या इमारती दिसतात त्याचं कारण हेच.

आणि आईंना गाण्यांबद्दल सांगा. किमोतो या साकेचं विरजण करायच्या जुन्या पद्धतीत कारागीर थंडीत रात्री उठून काठ्यांनी भात घोटायचे आणि घोटताना गाणी म्हणायचे. हाताशी घड्याळ नव्हतं, किती कडवी झाली त्यावर वेळ मोजायचे. ही माणसं बहुतेक तांबा भागातली, उन्हाळ्यात शेती आणि थंडीत नादाला सहा महिने कामाला. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची, त्यामुळे मला तिथे ते गाणं वाजलं की पुढे जाववत नाही.

चालू कारखान्यात आत नेणार असतील तर सकाळी नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) खाऊ नका, त्याचे जंतू कोजीला घातक. आणि गाडी नेऊ नका, चालवणाऱ्याला घोटभर पण चालत नाही, सायकलवाल्याला सुद्धा.

---

रि: रि: रि: आईबाबांना नादा दाखवायचंय

मनापासून धन्यवाद दोघांना. बाबांना फोनवर विहिरीची गोष्ट सांगितली, ते म्हणाले आधी निशिनोमियाची विहीर दाखव मग बाकीचं बघू. ते आले की पहिल्या शनिवारी जातोय, कोणाला यायचं असेल तर कळवा.