मानसशास्त्राचं शिक्षण कायद्यावर सोडायचं, की नागपुरात आपली संघटना उभी करायची?

संत्रानगरी (धागाकर्ती)

एम.ए. करून पहिल्या नोकरीवर रुजू झाले, त्याच दिवशी दुपारी माझ्यासमोर एक बाई आणून बसवली. काटोलकडची, तिशीतली. "छातीत कोंडल्यासारखं होते, जीव घाबरते," एवढंच सांगत होती. मी प्रश्नावली काढली आणि चाळीस मिनिटं एकेक प्रश्न विचारत बसले. ती पुन्हा आली नाही.

दोन वर्षांनी धरमपेठेत आम्ही चार-पाच जणी एकत्र बसलो होतो, तिथे ही केस मांडली. एका ज्येष्ठ बाईंनी एकच विचारलं, "तिच्यासोबत कोण आलं होतं?"

जाऊ आली होती. पूर्ण वेळ शेजारच्या खुर्चीवर बसून होती. तिला बाहेर थांबवावं, हे मला सुचलंच नव्हतं.

म्हणून हा धागा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे मानसिक आजारांची तपासणी-उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांची, नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते, तिचा कायदा १९९२चा. बाकीच्या मानसशास्त्रज्ञांना २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात घेतलं आहे. तज्ज्ञाच्या खुर्चीवर कोणी बसायचं हे कायदा सांगेल. बसल्यावर काय चुकतं आहे, हे दाखवायला मात्र आपल्याच व्यवसायातली माणसं लागतात. इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स ही देशपातळीवरची संघटना १९६८ पासून आहे, पण काटोलची बाई समोर बसली असताना मला नागपुरातलं माणूस हवं होतं. इथल्या संघटनेनं दर महिन्याला केस चर्चा घ्यावी, विद्यार्थ्यांना इंटर्नशिपच्या जागा मिळवून द्याव्यात आणि मराठी मानसशास्त्रीय चाचण्यांचं काम हाती घ्यावं, असं माझं म्हणणं आहे.

पिंपळपान

असहमत. पंचवीस वर्षं कॉलेजात हा विषय शिकवला, संघटना जवळून पाहिल्या. वर्षातून एक अधिवेशन, शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो. मग दोन दिवसांची कार्यशाळा आणि तिचं प्रमाणपत्र. ते फ्रेम करून दवाखान्यात लागतं आणि येणाऱ्या माणसाला वाटतं, हे मोठे तज्ज्ञ. त्याचं नुकसान झालं तर संघटना कोणाचं काय वाकडं करणार? फार तर सभासदत्व काढेल.

क्लिनिकलच्या एम.फिल.मध्ये दोन वर्षं वरिष्ठाच्या देखरेखीखाली रुग्ण पाहावे लागतात. कायद्यानं बांधलेलं आहे म्हणूनच ते होतं. तुमची शक्ती २०२१च्या कायद्यातल्या राज्य परिषदेकडे पाठपुरावा करण्यात लावा.

ऊनसावली

सर, परिषद चाचण्या नव्यानं बसवून देणार आहे का? मी मुलांच्या बुद्धिमापनाचं काम करते. आपण सगळे जी मलिन चाचणी वापरतो, ती वेक्सलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या चाचणीवरून डॉ. आर्थर मलिन यांनी याच नागपुरात तयार केली, १९६९ साली. अकरा उपचाचण्या, सहा शाब्दिक आणि पाच कृतीच्या. मानकं, म्हणजे ज्यांच्याशी मुलाचे गुण ताडून पाहायचे ते आकडे, तेव्हाच्या मुलांची.

जुन्या मानकांवर मोजलं की गुण फुगून येतात. जेम्स फ्लिन यांनी १९८७ साली १४ देशांची आकडेवारी मांडून पिढीगणिक गुण वाढत गेल्याचं दाखवलं होतं. आता माझ्या टेबलावरची गोष्ट. गेल्या महिन्यात हिंगण्याच्या एका मुलाचा बुद्ध्यांक ७३ आला. सत्तरच्या वर, म्हणजे अपंगत्वाचं प्रमाणपत्र नाही. आई निमूट फाईल घेऊन उठली. तिला मी आकडा सांगितला, पण तो कोणत्या काळातल्या मुलांशी तुलना करून आला, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

मानकं नव्यानं बांधायची तर शेकडो मुलं तपासावी लागतील, शहरातली आणि खेड्यातलीही. एकट्या दुकट्याचं काम नाही ते. संघटना नसेल तर करणार कोण?

उमरेडची शिक्षिका

मला दुसरीच भीती आहे. नोकरी सांभाळून मी दूरशिक्षणानं एम.ए. केलं, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असताना. २०२५ पासून यूजीसीनं मानसशास्त्राचे दूरशिक्षण अभ्यासक्रम बंद केले. कारण कळतं मला, हात धरून शिकवल्याशिवाय हे काम येत नाही. पण खेड्यातल्या बाईला ती एकच वाट होती. उद्या तुमची संघटना निघेल, हजारोंची फी असेल, आणि "दूरशिक्षणवाले नकोत" म्हणून दुसरं दार बंद होईल. असं होणार नाही, हे कोण लिहून देतं?

संत्रानगरी

पिंपळपान सर, प्रमाणपत्राबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. कार्यशाळेचं प्रमाणपत्र द्यायचंच नाही, हा पहिला नियम करू. पण संघटनेला दात नसतात, हे मला पटत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन १८९२ची. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी मानसशास्त्रज्ञ हवे होते, तेव्हा कोणतं विद्यापीठ धड शिकवतं हे सरकारनंच तिला विचारलं. १९४९ साली अमेरिकेतल्या बोल्डर शहरात मानसशास्त्राचे शिक्षक जमले आणि विद्यार्थ्याला संशोधनही यावं, रुग्णासोबतचं कामही यावं, असं ठरलं. अभ्यासक्रम तपासून मान्यता देण्याचं काम ती आजही करते.

ताई, तुमच्या भीतीचं उत्तर फीमध्ये आहे. केस चर्चेला फी नको. पदवी कुठून घेतली, हे दारात विचारायचं नाही.

पिंपळपान

अमेरिकेत मागे सरकारचा पैसा होता, हे विसरू नका. इथे चहाचाही खर्च एकाच्याच खिशातून जातो आणि तीन वर्षांत तो माणूस थकतो. पाहिलं आहे मी.

चाचणीबद्दल ऊनसावली यांचं खरं आहे, तिथे माझा विरोध मागे घेतो. केस चर्चेबद्दल नाही. नागपूर म्हणायला महानगर, पण दोन वाक्यांत लोक ओळखतात, "अरे, ही तर अमक्याची सून." मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७च्या कलम २३नं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. लोक आजही पागलखाना चौकाचं नाव निघालं की आवाज खाली आणतात. ज्यानं विश्वासानं सांगितलं, त्याची गोष्ट दहा जणांसमोर ठेवायची?

संत्रानगरी

गाव, वय, व्यवसाय बदलून मांडायचं. वरच्या बाईचं गाव मीही बदललं आहे. आणि शक्य असेल तिथे आधी त्या माणसाला विचारायचं. हे नियम लिहायला तुम्हीच या ना, सर. विरोध करणारा माणूस तिथे असलेला बरा.

पिंपळपान

लिहून देतो. सभासद होणार नाही.

उमरेडची शिक्षिका

बैठक शनिवारी दुपारी तीनला ठेवाल तर येईन, सहाच्या आत मला परतीची बस धरावी लागते. माझ्या शाळेत दुसरीत एक मुलगी आहे. घरी भरभरून बोलते म्हणे, वर्गात जूनपासून एक शब्द नाही. हजेरीलाही नुसता हात वर करते. कोणाला विचारावं, हेच मला कळत नव्हतं.