पैसा, पद, जमीन की ख्रिस्त: आयुष्याला शेवटपर्यंत काय पुरतं?

तापीकाठ, भुसावळ
माझं म्हणणं सरळ मांडतो, विरोधी मतं येऊ द्या. पैसा, हुद्दा, जमीनजुमला, मुलांचं करिअर यांवर आयुष्याचा अर्थ उभा केला तर तो टिकत नाही. ख्रिस्तावर उभा केला तर टिकतो.

आमच्या रेल्वेच्या गावात हे पावलोपावली दिसतं. ज्याच्या शब्दावर गाड्या सुटायच्या, तो निवृत्त झाला की वर्षभरात 'आता मी कोण?' इथे येऊन थांबतो. पेन्शन असते, घर असतं, नातवंडं असतात, तरी हा प्रश्न सुटत नाही. रावेर-यावलकडे तासाभराच्या वादळात केळीची बाग आडवी होते आणि बागेबरोबर मालकही कोसळतो, कारण स्वतःची किंमत त्यानं बागेलाच बांधलेली असते.

बायबलमध्ये उपदेशक नावाचं पुस्तक आहे. त्यातला राजा वाडे बांधतो, द्राक्षमळे लावतो, तळी खणतो, सोनंनाणं आणि ज्ञान साठवतो, आणि शेवटी म्हणतो, सगळं व्यर्थ. कष्ट सोडा असं मात्र तो म्हणत नाही. खाणंपिणं, कामात सुख मानणं ही त्याच्या मते देवाचीच देणगी. त्याला सलतं ते वेगळं: मरण शहाण्याला आणि मूर्खाला एकाच मापानं मोजतं, आणि आपण कमावलेलं पुढे कुणाच्या हाती जाईल ते कळत नाही. ख्रिस्ती विश्वास इथेच बोलायला लागतो. तू काही मिळवण्याआधीच तुझी किंमत ठरली, कारण ख्रिस्तानं तुझ्यासाठी प्राण दिला आणि तो मेलेल्यांतून उठला. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास फुकट, हे पहिल्या काळातला प्रचारक पौल यानं करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, स्वतःच लिहून ठेवलंय. आमचा सगळा भार या एका घटनेवर आहे.

कापूसवाला, पारोळा
भाऊ, तुन्हं बोलनं गोड शे, पण हे भरल्या पोटाचे प्रश्न आहेत. गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली, वेचणीची मजुरी वाढली, खेडा खरेदीवाला ओलावा दाखवून भाव पाडतो, सोसायटी थकलेली. अशा माणसाला अर्थ नको, भाव पाहिजे. त्याला 'जगातलं सगळं व्यर्थ' सांगितलं की ज्याच्या हातात तराजू आहे त्याचं फावतं. आम्ही वर बघत बसायचं आणि खाली माप मारणं चालूच.

तापीकाठ, भुसावळ
आप्पा, भावासाठी भांडलंच पाहिजे. शेतात राबलेल्या मजुराची अडवलेली मजुरी देवापाशी ओरडते, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे, आणि आमचे कितीतरी प्रचारक ते सोडून पुढचं वाचतात याचा मला राग येतो. पण ज्या साली भाव मिळतच नाही, त्या सालाचं काय? कर्जात बुडालेला माणूस खचतो तेव्हा आकडा खरा असतोच, पण त्याहून जास्त टोचतं ते 'आता चार माणसांत तोंड कसं दाखवू' हे. कर्जमाफी सरकार देईल. तोंड दाखवायला जागा सरकार देत नाही. आमच्या उपासनेत थकबाकीदार आणि पगारदार एकाच सतरंजीवर बसतात, प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाच्या आठवणीची, भाकर एकाच ताटातून घेतात.

अमळनेरकर
मुद्दा कळला, पण त्यासाठी ख्रिस्त कशाला हवा? १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. फळाची आसक्ती सोड, काम सोडू नकोस. तुमच्या निवृत्त साहेबाला आणि केळीवाल्याला एवढं पुरे आहे. गुरुजी आमच्या गावातली शिक्षकाची नोकरी सोडून १९३० मध्ये सत्याग्रहात उतरले. त्यासाठी कुण्या पुनरुत्थानाची हमी लागली नाही. आणि ती घटना सांगणारे सगळे येशूचे अनुयायीच. इतका मोठा भार टाकायला ही साक्ष मला कमी वाटते.

धुळेकर
मला वेगळीच शंका आहे. नंदुरबारच्या पाड्यांवर आधी औषध येतं, शाळा येते, मग विश्वास येतो. याला अर्थाचा शोध म्हणायचं? गरज कुठे संपते आणि श्रद्धा कुठे सुरू होते, ते दाखवा.

परिचारिका, नवापूर
धुळेकर दादा, मी पाड्यावरचीच आहे, गावित. आमच्या आजीनं विश्वास धरला तो औषधासाठीच असणार, असं तुम्ही आधीच ठरवून टाकलंत. म्हणजे डोकं चालवायचं ते शहरातल्यांनी, आम्ही फक्त पोट चालवायचं. आमिष दाखवणारा पापच करतो, हे मी चर्चमध्ये उभी राहून सांगते. पण आमच्या निर्णयाला आमिष म्हणणं हाही अपमानच आहे.

तापीकाठ भाऊ, तुमच्याशीही भांडण आहे. मी विश्वासी आहे, तरी तुमचा मथळा मला खटकतो. एका पारड्यात जग, दुसऱ्यात ख्रिस्त, असं का? ऊसतोडीला गुजरातेत गेलेली बाई रक्त आटून परत येते. तिचं हिमोग्लोबिन तपासणं, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पोराला रोज गोळी घ्यायला लावणं, हे जगाचं काम की देवाचं? चिंचपाड्याचं मिशनचं रुग्णालय ज्यांनी उभं केलं त्यांनी असे दोन ढीग केले नव्हते. आणि 'विश्वास ठेव, गोळ्या बंद कर' म्हणणारे प्रार्थनावाले आमच्याकडे फिरतात. पोरं तडफडत आमच्या वॉर्डात येतात. तुमच्यासारख्यांनी या लोकांविरुद्ध आधी लिहावं.

तापीकाठ, भुसावळ
ताई, गोळ्यांबद्दल शंभर टक्के तुमच्या बाजूनं. येशूनंच म्हटलंय की वैद्याची गरज आजाऱ्यांना असते. जो गोळी बंद करायला सांगतो तो त्या लेकराच्या जिवाशी खेळतो, आणि त्याला मंडळीत व्यासपीठ देणारे त्याच्याइतकेच दोषी. मथळ्याचं मात्र मागे घेत नाही. तुमचं काम देवाचंच आहे, पण तेही देवाच्या जागी बसू शकतं. एवढं करूनही पोर दगावलं त्या रात्री तुमचं मोल कमी होत नाही, ही गोष्ट ते काम तुम्हाला सांगू शकत नाही.

अमळनेरकर सर, गीतेचा मला आदर आहे. अडचण अशी की 'फळ सोड' म्हटल्यावर माझी मूठ उघडत नाही. चांगलं करावंसं वाटतं ते होत नाही, ही पौलाची तक्रार माझीच आहे. मला आज्ञेच्या आधी क्षमा लागते, म्हणून ख्रिस्त. साक्षीबद्दल म्हणाल तर पौल आधी अनुयायी नव्हता. तो मंडळीचा छळ करणारा होता, आणि उठलेला ख्रिस्त आपल्याला दिसला असं तोही सांगतो.

धुळेकर, कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं म्हणत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगाराची नोकरीही सोडली. लाभाच्या हिशेबात हा माणूस कुठे बसतो?

अमळनेरकर
पौलाचं मान्य, तो विचार करायला लावतो. पण धीर मिळतो म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. टिळकांचा त्याग मोठा होता, तेवढ्यानं त्यांचा निष्कर्ष सिद्ध होत नाही. त्याग तर सगळ्याच पंथांत सापडतो.

कापूसवाला, पारोळा
ते सतरंजीचं राहिलं. आमच्या भजनी मंडळातही थकलेला माणूस सगळ्यांसोबत बसतो, त्याच्या हातात टाळ देतात. मग तुमच्याकडे वेगळं काय?

तापीकाठ, भुसावळ
ते मंडळ टिकावं असंच मला वाटतं. वेगळं म्हणाल तर आमचा देव स्वतः हरलेल्यांच्या रांगेत मेला. गावाबाहेर, दोन गुन्हेगारांच्या मधे, लोक हसत असताना. ज्याची इतकी बेअब्रू झाली त्याच्यापुढे थकबाकीदाराला मान खाली घालावी लागत नाही. तुमच्या भजनात हे कुठे येत असेल तर मला ऐकायचंय. अभंग कोणता, कुणाचा, ते इथे लिहा.