दाजींचा अपघात गेटच्या बाहेर झाला, भरपाई मिळते का? सल्ला हवा

कोरडवाहू
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे दाजी (वय ४०) चाकणच्या बाजूला एका कंपनीत ठेकेदारामार्फत पॅकिंगला आहेत. दिवाळीनंतरच्या आठवड्यात दुसरी पाळी करून रात्री मोटारसायकलवरून घरी येत होते. कंपनीपासून चारेक किलोमीटरवर मागून टेम्पोने कट मारला आणि पळाला. डावी नडगी दोन ठिकाणी मोडली, आत रॉड घातलाय. महिना उलटला तरी पाय टेकवता येत नाही.

ठेकेदाराचा माणूस घरी येऊन म्हणाला, "पंच मारून गेटबाहेर पडला की आमचा संबंध संपला. माणुसकी म्हणून पंचवीस हजार देतो, इथे सही करा." कागदावर लिहिलंय की यापुढे कसलीही मागणी करणार नाही. ताई सही करायला बसलीच होती, मी थांबवलं. आमच्याकडचे एक वकील म्हणतात, अपघात कामामुळे झाला हे कामगारालाच सिद्ध करावं लागतं आणि टेम्पो काही कंपनीचा नव्हता, तेव्हा घ्या मिळतंय ते. खरंच असं आहे का? पुण्यात कुणाकडे जावं?

नांगी
सही नको म्हणजे नको. आधी हे सांगा, पगाराच्या स्लिपवर ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) म्हणून काही कापलंय का? सगळं त्यावर ठरतं.

कोरडवाहू
स्लिप शोधली. एकूण पगार १७,०००, ईएसआय १२८ रुपये. आम्हाला तो कसला तरी टॅक्स वाटायचा.

तारीखपेतारीख
त्या १२८ रुपयांनी तुमचा रस्ताच बदलला. वीस वर्षं कामगार कोर्टात काळा कोट घालून बसतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दाजी ईएसआयचे विमेदार आहेत (पगाराचा पाऊण टक्का कापतात, तोच हा आकडा). म्हणजे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली मालकावर दावा लावायचा नाही, ईएसआय कायद्याचं कलम ५३ तो रस्ता बंद करतं. पैसे ईएसआय महामंडळाने द्यायचे. आणि इथेच त्या वकीलसाहेबांचं अर्धं बरोबर, अर्धं चूक आहे.

दोन गोष्टी लागतात: अपघात नोकरीच्या ओघात झाला आणि तो नोकरीमुळे उद्भवला. १९२३ च्या कायद्यात साधारणपणे दोन्ही कामगारानेच दाखवायच्या. ईएसआयमध्ये मात्र कलम ५१अ आहे. पहिली गोष्ट दाखवलीत की दुसरी कायदाच गृहीत धरतो, उलट पुरावा येईपर्यंत. कामावर असताना माणूस माळ्यावरून पडला, पाहणारा कुणी नाही आणि कंपनी म्हणते त्याला घरूनच चक्कर येत होती, तर ते कंपनीने दाखवायचं. बायकोने "नाही हो, ठणठणीत होते" म्हणून रडत बसायचं नाही.

तुमच्या कामाचं कलम त्याच्या पुढचं, ५१ई. ते १ जून २०१० पासून आहे. घरून कामावर जाताना किंवा काम संपवून घरी येताना झालेला अपघात हा नोकरीच्या ओघात आणि नोकरीमुळेच झाला असं मानलं जातं. अट एकच: परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा नोकरीशी धागा जुळला पाहिजे. टेम्पो कुणाचा होता हा प्रश्नच इथे येत नाही.

हे कलम का आलं तेही सांगतो. एक कामगार सायकलवरून कारखान्याला निघालेला, पाळी साडेचारची, सव्वाचारला कारखान्यापासून एक किलोमीटरवर लॉरीने उडवलं. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला नाही म्हटलं. रस्त्यावर तो चारचौघांसारखाच एक, असा एकूण सूर. तुमचे वकील बहुतेक तिथेच थांबलेत.

नवीन संहितेचं कुणी विचारण्याआधीच: हे दोन्ही कायदे ज्यात सामावले ती सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली, दाजींचा अपघात त्याआधीचा. नव्या संहितेतही येण्याजाण्याच्या अपघाताची तरतूद आहेच.

फटकळ
म्हणजे सगळंच गृहीत धरायचं! उद्या कुणी पाळी सुटल्यावर ढाब्यावर बसून रात्री दोनला पडला तरी कंपनीमुळेच?

तारीखपेतारीख
नाही. म्हणून तर वेळ आणि जागा. पाळी साडेअकराला सुटली आणि अपघात दोनला, घराच्या उलट दिशेला, तर धागा तुटला.

आणि कोर्ट डोळे झाकून काही गृहीत धरत नाही. १९६९ चा निकाल आहे, इराणच्या आखातात बोटीवरून एक खलाशी पहाटे नाहीसा झाला. प्रेत सापडलं नाही, समुद्र खवळलेला नव्हता, पडताना कुणी पाहिलं नाही. सुप्रीम कोर्ट म्हणालं, परिस्थितीवरून निष्कर्ष काढता येतो, पण नुसत्या तर्कावर भरपाई देता येत नाही. घरच्यांना काही मिळालं नाही. कठोर वाटतो, पण या विषयातला प्रत्येक वकील तो निकाल उघडतोच.

नांगी
ईएसआय नसलेल्यांसाठी: २९ जुलै २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढून ठेवा. उस्मानाबादकडचा साखर कारखान्याचा वॉचमन, ड्युटी पहाटे तीन ते सकाळी अकरा, २००३ मध्ये कामावर जाताना कारखान्यापासून पाच किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. कामगार भरपाई आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज दिलं, हायकोर्टाने ते रद्द केलं, सुप्रीम कोर्टाने परत दिलं. म्हटलं की ५१ई चा अर्थ १९२३ चा कायदा वाचतानाही घ्यायचा आणि तो मागच्या अपघातांनाही लागू. बावीस वर्षं लागली, ते मात्र कुणाला सांगू नका, लोक घाबरतात.

कोरडवाहू
मनापासून आभार. पण एक सांगायचं राहिलं. दाजींनी त्या रात्री एका सोबत्याला त्याच्या खोलीवर सोडलं होतं. वाट जरा वाकडी झाली, दीड किलोमीटर असेल. अपघात त्यानंतर, नेहमीच्या रस्त्याला लागल्यावर. ताई म्हणते हे कुणाला सांगूच नका.

तारीखपेतारीख
सांगा. सोबती हाच तुमचा साक्षीदार आहे: दोघं एकत्र किती वाजता निघाले, त्याला किती वाजता सोडलं. लपवलंत आणि तो उलटतपासणीत सहज बोलून गेला, तर बाकीचं खरंही खोटं वाटेल. परत नेहमीच्या रस्त्याला लागले होते ही बाजू चांगली आहे, पोलिसांच्या पंचनाम्यात जागा नीट आलीय का बघा.

आता कामाला लागा. ठेकेदाराला आणि मूळ कंपनीलाही लेखी कळवा, अपघात वहीत नोंद करून नमुना १२ (अपघाताचा अहवाल) महामंडळाला पाठवा म्हणून. पोच घ्या. टाळाटाळ केली तर तेच पत्र घेऊन स्वतः शाखा कार्यालयात जा. खासगी दवाखान्याचे कागद, एक्स-रे घेऊन ईएसआयच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांच्या प्रमाणपत्राशिवाय भत्ता निघत नाही आणि लोक इथेच अडकतात. काम बंद असेपर्यंत सरासरी रोजच्या मजुरीच्या ९० टक्के मिळतात. पाय कायमचा अधू राहिला तर पुढे वैद्यकीय मंडळ किती टक्के ते ठरवतं आणि दरमहा पैसे येतात. ठेकेदाराने १२८ कापून भरलेच नसतील तरी घाबरू नका, महामंडळ हक्काचे पैसे देऊन ते मूळ कंपनीकडून वसूल करू शकतं. सध्या वकिलाची गरज नाही. नकार आला तर ईएसआय कोर्ट, तेव्हा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आनंदी
टेम्पो सापडला नाही तर मोटार वाहन कायद्यातली 'हिट अँड रन' योजनाही बघा. गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये आहेत. एफआयआर लागेल.

सूतकताई
धागा पळवतोय, माफी. वडील इचलकरंजीला सूतगिरणीत अठ्ठावीस वर्षं, मागच्या वर्षी सुटले. आधी सुट्टीनंतर सोमवारी-मंगळवारीच दम लागायचा, आता रोजच लागतो. डॉक्टर कापसाच्या धुळीचा आजार म्हणतात. अपघात तर झालाच नाही, मग काय?

तारीखपेतारीख
हा आजार दोन्ही कायद्यांच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे. आजार जडणं हाच अपघात मानतात आणि तो कामामुळे नाही हे समोरच्याने दाखवायचं. १९२३ च्या कायद्यात काम सोडल्यापासून दोन वर्षांत लक्षणं दिसली तरी चालतं, पहिल्यांदा आढळली तो दिवस अपघाताचा. म्हणून डॉक्टरांकडून पहिली तारीख लिहून घ्या. बाकीचं नवीन धाग्यात विचारा.

कोरडवाहू
अपडेट: पंचवीस हजारांचा कागद परत केला. ठेकेदार चिडला, पण पत्राची पोच दिली. अपघात वहीच्या पानाचा फोटो मिळाला. त्यात दाजी बाहेर पडल्याची वेळ १०:५० लिहिलीय. पाळी ११:३० ला सुटते, सोबती म्हणतो पंच ११:३४ चा आहे. एफआयआरमध्ये अपघात ११:५५ चा. वहीत दुरुस्ती करून घेऊ का?

तारीखपेतारीख
वहीला हात लावू नका, कुणाला लावूही देऊ नका. पंचिंग मशीनचा त्या दिवसाचा रेकॉर्ड लेखी मागा, उद्याच.