एका तुकडीत ७६ पोरं, आणि म्हणे शाळा दोन वेळा भरवा

खडूफळा
'नवे चाकणकर' यांनी काल लिहिलं की हायस्कूलमधली गर्दी हटवायला ना इमारत लागते ना पैसा. सकाळी सातला नववी-दहावी भरवा, दुपारी बाकीचे वर्ग. खोल्या त्याच, प्रश्न मिटला. वाचून राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी चाकण पट्ट्यातल्या एका अनुदानित हायस्कूलात विज्ञान शिकवते. नववी अ चा पट ७६. तिघींच्या बाकावर चौघी बसतात. कडेची मुलगी एक पाय बाहेर टाकून, दप्तर मांडीवर घेऊन त्यावर वही टेकवून लिहिते. तिचं अक्षर कधीच सरळ येत नाही आणि वही तपासताना तिला त्यावरून बोलायची मला लाज वाटते. प्रयोगशाळेत टेबलं चार. लिटमसचा रंग बदललेला पहिल्या रांगेला दिसतो, मागच्यांना पुढच्यांची डोकी. दहावीला लेखी ४०-४० गुणांचे दोन पेपर आणि वर २० गुण प्रात्यक्षिकाचे. ज्यांनी परीक्षानळी हातात धरली नाही त्यांना ते कशावर द्यायचे?

ही गर्दी आभाळातून पडलेली नाही. एमआयडीसी वाढली, बीड-लातूर-नांदेडकडची कुटुंबं आली, शेतांत प्लॉटिंग झालं. जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक चौथीपर्यंत, नाहीतर सातवीपर्यंत. मग चार गावांची पोरं एकाच हायस्कूलच्या दारात. शिक्षण हक्क कायद्याचं ३५ मुलांमागे एक शिक्षक हे माप आठवीला संपतं, नववीपासून पोरगं त्या कायद्याच्या बाहेर.

आता दोन सत्रांचं. खोल्या मोकळ्या होतील, कबूल. त्या ७६ चे दोन वर्ग केले तर दुसऱ्या वर्गावर शिकवणार कोण? मीच सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत? तीन तुकड्यांच्या वह्या म्हणजे सव्वादोनशे. एकेकीला दोन मिनिटं धरली तरी साडेसात तास. शाळेला शिक्षक मंजूर होत नाही तोवर घड्याळ कसंही फिरवा, एका शिक्षकासमोर ७६ च राहणार.

नवे चाकणकर
मॅडम, मी स्वतः डोंबिवलीत दोन सत्रांच्या शाळेत शिकलो. मुंबई-ठाण्यात जागेअभावी कित्येक शाळा अशाच चालतात आणि तिथली मुलं काही वाया गेलेली नाहीत. तुम्ही मंजुरीची वाट बघा. माझी मुलगी तोवर दहावी होऊन बाहेर पडेल. तुम्हाला कायमचा उपाय हवाय, मला येत्या जूनचा.

दोन लेकींची आई
दुपारचं सत्र सहाला सुटलं की डिसेंबरात अंधार पडतो. रस्त्याला फुटपाथ नाही, कंटेनर अंगावरून जातात, त्याच वेळेला कंपन्यांच्या बसगाड्या सुटतात. माझे मिस्टर शिफ्टला, मी पॅकिंगला. आणायला कोण जाणार? दोन सत्रं म्हटलं की आमच्या चाळीतल्या निदान चार मुलींची शाळा सुटेल. लिहायला सोपं आहे.

माजी विस्तार अधिकारी
तुकडीवाढ मागितली की शासन संशय घेतं, त्याला संस्थाच जबाबदार आहेत. ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी विसरलात? एका शाळेची पोरं टेम्पोतून दुसऱ्या शाळेत नेऊन बसवत होते. लाखो बोगस नावं निघाली. त्यानंतर नियम कडक झाले ते योग्यच झालं.

खडूफळा
साहेब, तेव्हा कागदावर पोरं होती आणि वर्गात नव्हती. आज उलटं आहे. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षक मंजूर करताना, आधार जुळलेलीच मुलं धरतात. माझ्या वर्गात नऊ जणांच्या आधारवरचं नाव दाखल्याशी जुळत नाही. ऊसतोडीच्या हंगामात जन्मलेली, तीन गावांत शिकलेली पोरं आहेत ती. बाकावर बसतात, डबा खातात, फळा बघायला मान उंच करतात, पण मोजणीत नाहीत. चोरी कुणी केली आणि शिक्षा कुणाला?

माजी विस्तार अधिकारी
आधारचा मुद्दा खरा आहे. तेवढ्यापुरता मान्य.

राजापूरकर
तुम्हाला गर्दीचं दुःख, आम्हाला रिकामपणाचं. आमच्या हायस्कूलात नववी-दहावी मिळून १७ मुलं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर वीसच्या आत पट असलेल्या वरच्या वर्गांना शिक्षकच मंजूर होईनात. दोन घाट्या चढून येणाऱ्या पोरी आहेत, एसटीची फेरी कधी येते कधी नाही. उद्या आमचे मास्तर 'अतिरिक्त' ठरवून तुमच्या चाकणला धाडतील आणि गर्दी कमी केली म्हणून सांगतील. तेव्हा शिक्षक मागताना ते कुठून येतील याचाही विचार करा.

खडूफळा
तुमचा शिक्षक मी मागत नाहीये. दोन्हीकडे नवी भरती हवी.

दोन लेकींची आई
मॅडम, एक विचारू? नववी अ म्हणजे सेमी ना? ब मध्ये किती आहेत?

खडूफळा
हो, अ सेमी, गणित-विज्ञान इंग्रजीतून. ब मराठी माध्यम, पट ३४.

नवे चाकणकर
हे आधी का नाही सांगितलंत? ७६ आणि ३४, म्हणजे ११० मुलं. निम्मी केली तर ५५-५५! गर्दी शाळेत नाही, सेमीत आहे.

भामाकाठ
अगदी. गणित-विज्ञान इंग्रजीतून हवं या हव्यासापायी पालकांनी स्वतःच पोरं कोंबली आहेत. जे घरी मराठी बोलतात त्यांना त्रिकोणमिती इंग्रजीत कशाला? ७६ जणांत दाटीवाटीने न समजणाऱ्या भाषेत बसण्यापेक्षा ३४ जणांत समजणाऱ्या भाषेत शिका. मी मराठीतून शिकून इंजिनिअर झालो.

दोन लेकींची आई
माझा भाऊ पण मराठीतून शिकला. दहावीला ८८ टक्के. अकरावी सायन्सला पहिल्या आठवड्यात सर 'डिस्प्लेसमेंट' म्हणाले, त्याला विस्थापन माहीत होतं, हा शब्द नाही. विचारायची लाज वाटली. दिवाळीनंतर कॉलेज सोडून आयटीआयला गेला. माझ्या मुलींचं तसं होऊ देणार नाही. हव्यास म्हणू नका.

भामाकाठ
तो दोष अकरावीला शिकवणाऱ्यांचा. एक शब्द समजावून सांगता येत नाही?

नवे चाकणकर
तुमची मुलं इंग्रजी शाळेत घालायची आणि आम्हाला मराठीचे धडे द्यायचे, हे नेहमीचंच.

भामाकाठ
माझी दोन्ही मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. माहिती नसताना माणसावर जाऊ नका. शब्द मागे घ्या.

नवे चाकणकर
मुलांबद्दलचं वाक्य मागे घेतो. मुद्दा नाही.

राजापूरकर
धागा गर्दीचा होता. सेमीवर किती भांडाल?

खडूफळा
भांडण उगाच नाही. सेमीची दुसरी तुकडी का नाही, तर गणित इंग्रजीतून घेणारा शिक्षक एकच. त्याला निवडणूक आली की मतदारयादीचं काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकाला शाळेबाहेरची कामं देता येत नाहीत, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक त्याला अपवाद आहेत, आणि त्या अपवादात त्याचे तास जातात. दुसरी जागा निवृत्तीनंतर भरलेलीच नाही; शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून कुणी येईल म्हणून संस्था थांबली आहे. आणि ५५ म्हणजे काही सुख नाही, चाकणकर. ७६ बघितल्यावर ५५ बरे वाटतात इतकंच.

नवे चाकणकर
ठीक आहे. शिक्षक नसेल तर दोन सत्रांत अर्थ नाही, हे पटलं. पण शिक्षक येईपर्यंत पोरांनी मांडीवर वही ठेवून लिहायचं हे मला पटणार नाही. दोन्ही तुकड्या सेमी करा, ५५-५५ बसवा. ब चं विज्ञान तुम्ही घ्याल का इंग्रजीतून?

खडूफळा
घेईन. गणिताचं संस्थेला विचारावं लागेल. पालकसभेत लेखी मागणी द्या, सह्या घेऊन. तोंडी बोलणं इतिवृत्तात येत नाही. आणि संध्याकाळी सहाला शाळा सोडण्याच्या कुठल्याही ठरावाला माझा विरोध राहील.

दोन लेकींची आई
सह्या मी गोळा करते. आमच्या चाळीतून तीस तरी होतील.

भामाकाठ
आणि त्या ३४ जणांच्या घरी कोण जाणार आहे? त्यांनी मराठी तुकडी स्वतः निवडली. तुमची गर्दी कमी करायला त्यांचं माध्यम बदलायचं, आणि सह्या मात्र तुमच्या चाळीच्या?